नेस्टेड लिस्टमधल्या स्पेस स्ट्रिप करूनही जात नाहीत? तपासणी या क्रमाने करा

पायथॉनमध्ये मुंबई लोकलच्या स्थानकांची यादी घेऊ. बाहेर एक लिस्ट, तिच्या आत पश्चिम, मध्य आणि हार्बर अशा तीन लिस्ट, आणि प्रत्येकीत स्थानकांची नावं. पश्चिम आणि मध्य यांचे सेट करून छेद काढला की उत्तर एकच यायला हवं: दादर. पण पायथॉन रिकामा सेट दाखवतं. स्क्रीनवर मात्र दोन्ही लिस्टमध्ये दादर स्वच्छ दिसतंय.

लक्षणं

हाच बिघाड वेगवेगळ्या रूपांत समोर येतो:

- मोजणी केली की कुर्ला दोन वेगवेगळ्या ओळींत येतं, प्रत्येकी एकदा.
- नाव लिस्टमध्ये डोळ्यांना दिसतं, पण ‘इन’ने विचारलं की उत्तर फॉल्स येतं.
- स्ट्रिपचा (टोकाच्या स्पेस काढणाऱ्या फंक्शनचा) लूप विनातक्रार चालतो, लिस्ट मात्र जशीच्या तशी राहते.
- ॲट्रिब्यूटएरर येतो: लिस्टला स्ट्रिप नाही, किंवा ननटाइपला स्ट्रिप नाही.
- रिकर्शनएरर येतो.
- सगळी यादी साफ होते, फाइलमधला अगदी पहिला शब्द तेवढा जुळत नाही.
- स्पेस गेल्या, पण ‘दादर’चं ‘ददर’ झालं.

शेवटचं लक्षण सगळ्यांत वाईट, कारण तिथे डेटा मूळच्यापेक्षा जास्त बिघडलेला असतो. ते दिसत असेल तर बाकीचं बाजूला ठेवा, मूळ फाइलची प्रत सुरक्षित करा आणि खालचा मराठीचा भाग आधी वाचा.

आधी नीट बघा (अर्धा मिनिट, खर्च शून्य)

एकेक स्ट्रिंग प्रिंट करू नका, आख्खी लिस्ट प्रिंट करा. स्ट्रिंग एकटी प्रिंट केली तर तिच्या मागची स्पेस दिसत नाही. लिस्ट प्रिंट केली की पायथॉन आतली प्रत्येक स्ट्रिंग रेप्रच्या रूपात, अवतरणचिन्हांसकट दाखवतं. शेवटचा र आणि बंद होणारं अवतरण यांच्यात फट असेल तर साधी स्पेस आहे. तिथे बॅकस्लॅशने सुरू होणारा कोड दिसला तर दुसरंच काही अक्षर आहे. रेप्र देवनागरी अक्षरं तशीच ठेवतं आणि न दिसणारी अक्षरं उघडी करतं, म्हणून मराठी डेटासाठी हेच साधन. ‘आस्की’ नावाचं फंक्शन वापरू नका, ते प्रत्येक मराठी अक्षराचा कोड करतं आणि काहीच वाचता येत नाही.

त्यानंतर लेन, म्हणजे स्ट्रिंगची लांबी सांगणारं फंक्शन. इथे मराठीत एक सवय करून घ्यावी लागते: लेन डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजत नाही, युनिकोडचे संकेतांक मोजतं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणून दादर ४, मुंबई ५ आणि कुर्ला ६. दादरचं लेन ५ आलं की एक पाहुणा आत आहे. तो कोण ते विचारायला पहिल्या आणि शेवटच्या अक्षरावर ऑर्ड (अक्षराचा संकेतांक सांगणारं फंक्शन) चालवा. ३२ आलं तर साधी स्पेस, ९ टॅब, १० नवी ओळ, १३ कॅरेज रिटर्न, १६० न तुटणारी स्पेस, ८२०३ शून्य रुंदीची स्पेस, ६५२७९ फाइलच्या सुरुवातीची खूण. हा आकडा हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नये. न बघता स्ट्रिप, रिप्लेस, रेगेक्स (नमुना देऊन मजकूर शोधणं) असं एकामागून एक ओतत गेलं की एक डाग जातो आणि दोन नवे पडतात.

उत्तर साठवलं आहे का?

लूप चालतो पण काही बदलत नाही, या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. पायथॉनची स्ट्रिंग जागच्या जागी बदलत नाही. स्ट्रिप नवी स्ट्रिंग तयार करून हातात देतं. ती कुठे ठेवली नाही तर हवेत जाते. लूपमधल्या चलाला ती दिली तरी उपयोग नाही: तेवढ्यापुरतं ते नाव नव्या स्ट्रिंगला चिकटतं, लिस्टमधल्या खणात जुनीच स्ट्रिंग राहते.

उपाय म्हणजे नवी लिस्ट बांधणं. दोनच पातळ्या असतील तर कॉम्प्रिहेन्शनच्या (चौकटी कंसातच लूप लिहून लिस्ट बांधण्याच्या रीतीच्या) आत कॉम्प्रिहेन्शन: बाहेरचं प्रत्येक मार्ग घेतं, आतलं त्या मार्गातलं प्रत्येक नाव साफ करून नवी लिस्ट देतं. पण तीच लिस्ट प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या नावानेही धरून ठेवली असेल, तर त्या नावाला जुनाच डेटा दिसत राहतो. अशा वेळी डाव्या बाजूला पूर्ण स्लाइस, म्हणजे चौकटी कंसात नुसता कोलन, देऊन त्याच लिस्टमध्ये नवी मूल्यं भरा.

याच्या उलटही होतं. ‘कॉपी’ने प्रत घेतली, प्रत साफ केली आणि मूळही बदललं. ती प्रत उथळ असते: बाहेरची लिस्ट नवी, आतल्या लिस्ट त्याच. खरी वेगळी प्रत हवी तर कॉपी मॉड्यूलमधलं डीपकॉपी. आत एक रिकामी लिस्ट असलेल्या लिस्टला ३ ने गुणून तीन मार्गांसाठी जागा केली असेल तर तिन्ही जागी एकच लिस्ट असते, पश्चिमेत घातलेलं स्थानक हार्बरवरही दिसतं.

किती पातळ्या आहेत?

लिस्टला स्ट्रिप नाही असा एरर आला, म्हणजे तुम्ही समजलात त्यापेक्षा एक पातळी जास्त आहे. ननटाइप आलं तर मधे कुठेतरी रिकामी नोंद आहे. पातळ्या सगळीकडे सारख्या नसतील, म्हणजे एका विंगमध्ये मजल्यांखाली सदनिका आणि दुसरीत थेट सदनिका अशी सोसायटीची यादी असेल, तर कॉम्प्रिहेन्शनचे थर वाढवत बसू नका. स्वतःलाच बोलावणारं एक फंक्शन लिहा. आराखडा असा:

साफ(मूल्य):
 – मूल्य स्ट्रिंग असेल तर साफ केलेली स्ट्रिंग परत द्या
 – मूल्य लिस्ट असेल तर प्रत्येक घटकावर साफ चालवून नवी लिस्ट परत द्या
 – मूल्य टपल असेल तर तसंच करून टपल परत द्या
 – मूल्य डिक्शनरी असेल तर किल्ल्या तशाच ठेवून मूल्यांवर साफ चालवा
 – बाकी काहीही असेल तर हात न लावता परत द्या

पहिली ओळ पहिलीच हवी. ‘ज्यावरून लूप फिरवता येतो ते सगळं आत जाऊन साफ कर’ अशी सर्वसाधारण अट आधी लिहिली तर स्ट्रिंगही त्यात सापडते. स्ट्रिंगवरून लूप फिरवला की एकेका अक्षराची स्ट्रिंग मिळते, त्या अक्षरावरून फिरवला की पुन्हा तेच अक्षर. हे संपत नाही आणि पायथॉनची १००० ची मूळ मर्यादा ओलांडली की रिकर्शनएरर. ती मर्यादा वाढवणं हा उपाय नव्हे, अटींचा क्रम बदला. शेवटची ओळही गाळू नका. नन, आकडे, तारखा यांना स्ट्रिंग करून साफ करण्याचा मोह होतो आणि मग नन हा शब्दच यादीत नाव म्हणून बसतो.

नेमटपल असतील तर टपलच्या ओळीत त्यांची खणांची नावं गळतात. त्यांच्यासाठी वेगळी अट लागते.

स्ट्रिपकडून चुकीची अपेक्षा

स्ट्रिप दोन टोकांपासून आत येतं आणि काढता न येणारं पहिलं अक्षर भेटलं की थांबतं. मधल्या स्पेसना ते हात लावत नाही. ‘करी’ आणि ‘रोड’मध्ये दोन स्पेस असतील तर दोन्ही राहतात. म्हणून कोणी रिप्लेसने सगळ्याच स्पेस उडवतं आणि यादीत ‘करीरोड’, ‘ग्रँटरोड’, ‘चर्नीरोड’ तयार होतात. बरोबर रीत: कंसात काहीही न देता स्प्लिट करा आणि एका स्पेसने जॉइन करा. टोकाच्या स्पेस, मधल्या जास्तीच्या स्पेस, टॅब, नव्या ओळी, १६० क्रमांकाची स्पेस, सगळं एका दमात जातं आणि शब्दांमध्ये एकेक साधी स्पेस उरते.

‘कंसात काहीही न देता’ हे अक्षरशः घ्या. स्प्लिटला एक स्पेस दिली की ते प्रत्येक स्पेसपाशी तोडतं आणि दोन स्पेसच्या मधे रिकामी स्ट्रिंग देतं. स्ट्रिपला एक स्पेस दिली की ते फक्त ३२ क्रमांक काढतं, टॅब आणि १६० तसेच राहतात. वेबपेजवरून कॉपी केलेला तक्ता साफ होत नाही तेव्हा आधी हा कंस बघा.

कंसात शब्द देणं तर आणखी धोक्याचं. स्ट्रिपला दिलेला मजकूर हा शब्द नसतो, तो अक्षरांचा संच असतो. नावाच्या शेवटचं ‘रोड’ काढायला कोणी आर-स्ट्रिपला स्पेस आणि रोड देतं. ‘करी रोड’चं ‘करी’ होतं, म्हणून पद्धत बरोबर वाटते. पुढे तीच ओळ पूर्ण यादीवर चालते आणि दादरचं ‘दाद’, विरारचं ‘विरा’, घाटकोपरचं ‘घाटकोप’ होतं, कारण र हे अक्षर संचात आहे. शब्द काढायचा असेल तर रिमूव्हसफिक्स वापरा. ते पायथॉन ३.९ पासून आहे.

एकच नियम सगळ्या रकान्यांना लावू नका. स्थानकाच्या नावात एक स्पेस हवी. पिन कोड मात्र कोणी ‘४०० ०१४’ लिहितं, कोणी सलग ‘४०००१४’, तिथे सगळ्याच स्पेस काढायला हव्यात. (इंट देवनागरी आकडे नीट वाचतं आणि टोकाच्या स्पेसही चालवून घेतं, पण मधली एक स्पेस आली की व्हॅल्यूएरर.) आणि चार ओळींचा पत्ता स्प्लिट-जॉइनमधून काढला तर एका ओळीचा होतो. ओळी टिकवायच्या असतील तर आधी स्प्लिटलाइन्स, मग प्रत्येक ओळ वेगळी साफ करा.

स्पेससारखं दिसतं, पण स्पेस नाही

८२०३, ८२८८, ६५२७९ आणि ८२०६ ही अक्षरं पायथॉनच्या लेखी व्हाइटस्पेस (मोकळ्या जागेची अक्षरं) नाहीत. स्ट्रिप, स्प्लिट आणि रेगेक्समधलं व्हाइटस्पेसचं चिन्ह तिन्ही त्यांना ओलांडून जातात. शेवटी स्पेस, मग ८२०३, मग पुन्हा स्पेस असा क्रम असेल तर स्ट्रिप बाहेरची स्पेस काढून ८२०३पाशी थांबतं. म्हणून क्रम ठरलेला: आधी ही अदृश्य अक्षरं काढा, नंतर स्प्लिट-जॉइन. काढायला ट्रान्सलेट बरं पडतं. त्याला एक डिक्शनरी द्यायची, किल्ली म्हणून हे दशमान आकडे आणि प्रत्येकासमोर नन. नंतर कोणी कोड वाचला तर काय काढलं ते एका नजरेत कळतं.

फक्त पहिला शब्द जुळत नसेल तर तो ६५२७९. एक्सेलमधून यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलेल्या सीएसव्हीच्या सुरुवातीला ही खूण येते. ती काढत बसण्यापेक्षा फाइल उघडतानाच एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८-सिग द्या. खूण असेल तर वगळली जाते, नसेल तरी काही बिघडत नाही.

रेप्रमध्ये दोन बॅकस्लॅश आणि पुढे एन दिसला तर ती नवी ओळ नाही, ती दोन खरी अक्षरं आहेत. डेटा बहुधा कुठेतरी दोनदा जेसन (डेटा मजकूर म्हणून साठवायची पद्धत) झाला आहे. रिप्लेसने झाकू नका, मूळ जागी दुहेरी रूपांतर थांबवा. तसंच स्ट्रिंगमध्ये एनबीएसपीची एचटीएमएल खूण अक्षरशः लिहिलेली असेल तर आधी एचटीएमएल मॉड्यूलचं अनएस्केप. त्यातून १६० बाहेर येतो आणि स्प्लिट त्याचं काम करतं.

मराठीतलं प्रत्येक अदृश्य अक्षर कचरा नसतं

‘सगळी न दिसणारी अक्षरं उडवा’ असे तयार तुकडे सहज मिळतात. ते इंग्रजी डेटासाठी लिहिलेले असतात. त्यात ८२०४ आणि ८२०५ही उडवले जातात. मराठीत ८२०५, म्हणजे शून्य रुंदीचा जोडक, अर्थ सांभाळतो. ऱ्य आणि ऱ्ह युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिले जातात: एक, २३५३ क्रमांकाचा ऱ आणि हलन्त, आणि दोन, साधा र (२३५२), हलन्त (२३८१) आणि त्यामागे ८२०५. दुसऱ्या तऱ्हेतला ८२०५ काढला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला, आणि पायथॉनने एक अक्षरही तक्रार केली नाही. ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’, सगळीकडे तेच. ८२०४, म्हणजे शून्य रुंदीचा अजोडक, हाही जोडाक्षर न होता हलन्त उघडा दिसावा म्हणून मुद्दाम घातलेला असतो.

तेव्हा ८२०४ आणि ८२०५ ट्रान्सलेटच्या यादीत घालू नका. तुलना जुळवायची असेल तर दुसरी तऱ्हा पहिलीत बदला: र, हलन्त, ८२०५ या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त. हे काम युनिकोडडेटाचं नॉर्मलाइझ करत नाही, कारण युनिकोड या दोन रूपांना समान मानत नाही. ॲचंही असंच. २४१८ क्रमांकाचं सलग ॲ आणि अ अधिक ॅ ही जोडी दिसायला सारखी, तुलनेत वेगळी. तिथेही स्वतः बदल करावा लागतो.

आता ‘ददर’. हा उद्योग रेगेक्सचा. ‘अक्षर, अंक किंवा स्पेस नसलेलं सगळं काढ’ असा पॅटर्न कोणी व्हाइटस्पेसबरोबर विरामचिन्हंही जावीत म्हणून वापरतं. पायथॉनच्या री मॉड्यूलमध्ये शब्दाच्या अक्षरासाठीचं चिन्ह काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांना अक्षर धरत नाही. म्हणून मुंबईचं ‘मबई’, कुर्ल्याचं ‘करल’, ठाण्याचं ‘ठण’. सगळी अक्षरंच आहेत का हे सांगणारं इझअल्फाही याच कारणाने दादरला नाही म्हणतं. काय काढायचं ते नेमकं लिहा: स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस. किंवा काय ठेवायचं ते लिहायचं असेल तर २३०४ ते २४३१ हा देवनागरीचा पूर्ण पट्टा आणि सोबत ८२०४, ८२०५. गेलेल्या मात्रा कुठल्याही कोडने परत येत नाहीत, मूळ फाइलच लागते.

उगम बघा

सीएसव्हीमध्ये स्वल्पविरामानंतर स्पेस असेल तर वाचतानाच स्किपइनिशियलस्पेस चालू करा. नुसत्या स्वच्छतेचा प्रश्न नाही: स्वल्पविराम, स्पेस आणि मग अवतरणात ‘दादर, पूर्व’ असं असेल तर त्या स्पेसमुळे अवतरण ओळखलंच जात नाही आणि एका खणाचे दोन होतात. फाइल उघडताना न्यूलाइनला रिकामी स्ट्रिंग द्यायलाही विसरू नका.

सीएसव्हीच्या एका खणात लिस्ट साठवलेली असेल तर वाचताना ती लिस्ट नसते, लिस्टसारखी दिसणारी एक लांब स्ट्रिंग असते. स्ट्रिप तिच्या फक्त बाहेरच्या टोकांना लागतं. आधी जेसनने किंवा एएसटीमधल्या लिटरलइव्हॅलने खरी लिस्ट करा.

पांडाज (तक्त्यांसाठीची पायथॉन लायब्ररी) वापरत असाल तर रकान्यावर एसटीआर-स्ट्रिप चालवताना स्ट्रिंग नसलेली मूल्यं नॅन, म्हणजे रिकामी, होतात हे ध्यानात ठेवा. मिश्र रकान्यावर वरचं साफ फंक्शन मॅपने चालवा. पूर्ण तक्त्यासाठीचं ॲप्लायमॅप आवृत्ती २.१ पासून मागे पडलं, तिथेही आता मॅपच.

साफ केल्यावर

बदललेल्या स्ट्रिंगची आधीची आणि नंतरची जोडी रेप्रसकट छापा, बाकीच्या नको. ही यादी डोळ्यांखालून घालायला दहा मिनिटं लागतात आणि ‘दाद’ तिथेच पकडला जातो. मग साफ केलेल्या डेटावर तेच फंक्शन पुन्हा चालवा. दुसऱ्यांदा एकही बदल होता कामा नये. झाला तर पायऱ्यांचा क्रम चुकला आहे.

रिकाम्या स्ट्रिंग सरसकट गाळू नका. ओळीत तिसरा खण रिकामा असेल आणि तो गाळला तर चौथा तिसऱ्याच्या जागी सरकतो, फोन नंबरच्या रकान्यात पत्ता येतो. पूर्ण ओळ रिकामी असेल तरच ओळ काढा. डिक्शनरीच्या किल्ल्या साफ करणार असाल तर आधी मोजा: दोन किल्ल्या साफ होऊन एकच झाल्या तर मागाहून आलेलं मूल्य आधीचं गुपचूप पुसतं.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

डेटा चालू डेटाबेसमध्ये असेल आणि साफ केल्यावर दोन नोंदी एक होणार असतील, तर कोणती ठेवायची हा पायथॉनचा प्रश्न राहत नाही. डेटाबेस सांभाळणारी व्यक्ती आणि त्या नोंदींची मालकी असलेला विभाग, दोघांना बसवा. ठरावीक रुंदीच्या रकान्यांची फाइल असेल तर त्यातल्या स्पेस म्हणजेच रकान्यांच्या भिंती. बँकेच्या किंवा सरकारी देवाणघेवाणीच्या फाइलीत त्या ठरवून दिलेल्या असतात. फाइलचा लिखित आराखडा असलेल्या माणसाशिवाय तिला हात लावू नका. मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला असेल, म्हणजे फॉन्ट बदलला की लॅटिन अक्षरांचा कचरा दिसत असेल, तर वर दिलेले आकडे त्याला लागू नाहीत. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, तेही ज्याने ते आधी केलंय त्याच्याकडून.

आणि देवनागरीच्या जागी लॅटिन अक्षरं नि चलनचिन्हं यांच्या रांगा दिसत असतील तर साफसफाईची एकही ओळ चालवू नका. यूटीएफ-८चा मजकूर लॅटिन-१ समजून वाचला गेला आहे. यूटीएफ-८मध्ये ठ हे अक्षर २२४, १६४, १६० अशा तीन बाइटनी बनतं. चुकीच्या वाचनात त्यातला १६० न तुटणारी स्पेस होतो. अ चे बाइट २२४, १६४, १३३, आणि लॅटिन-१मधला १३३सुद्धा पायथॉनला व्हाइटस्पेस वाटतो. त्यावर स्प्लिट-जॉइन चालवलं की ठाण्याचा ठ आणि अंधेरीचा अ कायमचे गेले. न साफ केलेला असा मजकूर लॅटिन-१ने एन्कोड आणि यूटीएफ-८ने डीकोड करून पूर्ववत होऊ शकतो, साफ केलेला नाही. अशी फाइल जशी आली तशीच ठेवा आणि एन्कोडिंग कळणाऱ्या माणसाकडे तीच मूळ प्रत द्या.